‘नको’ शिकवणारी बाई

सुलभा गेली ती सकाळी, घरात पहिला चहा व्हायच्या आत. डॉक्टर येऊन गेले, दिलीपभाऊजी गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभे राहिले, शेजारच्या बायकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि मी तिचे हात चादरीखाली सरळ करत होते तेवढ्यात उशाशी ठेवलेला तिचा फोन वाजला. कोणी उचलेना म्हणून मी उचलला. पलीकडे एक बाई होती, आवाज दबका, मागे भांडी घासल्याचा आवाज. "मॅडम शेतस का?" मी म्हटलं, मॅडम गेल्या. "कोठे?" म्हटलं, वारल्या, आत्ताच. पलीकडे थोडा वेळ नुसती भांडी वाजत राहिली... आणि मग ती बाई म्हणाली, "मंग मनं आजनं काय?" आज तिची बोलायची वेळ ठरलेली होती, त्याचं काय, असं ती विचारत होती. मला इतका संताप आला की मी उत्तर न देता फोन ठेवला. नंतर आठवून मात्र हसू आलं, कारण सुलभाला तो प्रश्न फार आवडला असता. ती म्हणाली असती, अक्का, बघा, शिकली ती बाई. स्वतःला काय हवं ते सरळ विचारायला तिला किती महिने लागले ठाऊक आहे?

सुलभा माझी धाकटी जाऊ, दिलीपभाऊजींची बायको. मी धुळ्याची, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. ती जळगावची, मोबाइलवरून लोकांची डोकी शांत करणारी. आमचं कधी फार जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेलं की लिहिताना ते आपोआप मनमिळाऊ होतं, ते वाचून मला मळमळतं. सुलभा मनमिळाऊ नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला कणीक कशी मळायची ते दाखवायला गेले, तर म्हणाली, "अक्का, तुम्ही शिकवत नाही, हजेरी घेता." कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी त्याच दिवशी सासूबाईंना सांगितलं होतं, आणि ते मत मी शेवटपर्यंत बदललं नाही. फोनवर माझा स्वर जरा चढला की ती शांतपणे म्हणायची, "आपण नंतर बोलू," आणि खरंच फोन ठेवायची. असं तोंडावर फोन ठेवणारं माणूस आमच्या घराण्यात दुसरं झालं नाही.

मानसशास्त्र ती लग्नानंतर शिकली. काही वर्षं एका शाळेत समुपदेशक होती, मग एका पुण्याच्या कंपनीसाठी घरबसल्या ऑनलाइन काम धरलं. तिथे म्हणे समोरचा माणूस रडायला लागला की ‘मी तुमच्या भावना समजू शकते’ असं वाक्य बोलायचं, ते पडद्यावर लिहूनच यायचं. सुलभाने ते थोडे दिवस बोलून पाहिलं आणि काम सोडलं. मला म्हणाली, "नाही हो समजू शकत मी. मला फक्त तिला आज संध्याकाळपर्यंत पोहोचवता येतं." मग तिने स्वतःचंच सुरू केलं. फ्लॅटची मागची खोली, भिंतीवर एक साधी चादर टांगलेली, टेबल, फोन उभा करायची घडवंची, आणि बोली आपली. समोरचा शहरातला असेल तर मराठी, खेड्यातला असेल तर अहिराणी. घरच्यांनी नाव ठेवलं, ‘मोबाइलवरची भगतीण’. सणावाराला जमलं की कोणी ना कोणी पदर डोक्यावर घेऊन, डोळे फिरवून तिची नक्कल करायचं आणि सगळे खो-खो हसायचे. मीही हसले आहे. तीही हसायची, आणि मग नक्कल करणाऱ्याला म्हणायची, "छान केलं. आता तुमची झोप कशी आहे ते सांगा." त्यावर कोणी हसायचं नाही.

लोकांना तिच्याकडून पी हळद नि हो गोरी असं हवं असायचं. ती ते द्यायची नाही. कोणी आयुष्याची कहाणी सुरू केली की थांबवायची: "ते पुढच्या वेळी. आज संध्याकाळी काय करणार ते आधी ठरवू." छाती धडधडायला लागली तर पाय जमिनीला कसे टेकवायचे, समोर काय काय दिसतं ते मोठ्याने कसं म्हणायचं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ कसा द्यायचा, हे ती भाकरी शिकवावी तसं शिकवायची, आणि करून दाखवायला लावायची. जळगावचे एक डाळमिलवाले शेठ होते, त्यांना दिवसरात्र काळजी. तिने त्यांना सांगितलं, काळजी करायची, पण रोज पाचला, चहानंतर, एका जागी बसून. बाकी वेळी मनात आली की तिला म्हणायचं, पाचला ये. ते शेठ बिचारे रोज पाचला गोदामात तुरीच्या पोत्यावर बसून काळजी करायचे. पुढे पुढे म्हणे त्यांना तिथे बसून काय काळजी करावी ते आठवेना. आणि बायका... आमच्याकडे सुनेने खोलीचं दार लावलं की घरात चर्चा सुरू होते. तेव्हा दार लावून बोलायचा प्रश्नच नव्हता. सुलभाने त्यांना सांगितलं, कानात इअरफोन घाला, वर पदर घ्या आणि काम करत राहा. बायका गच्चीवर मिरच्या वाळत घालताना, पापड लाटताना तिच्याशी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे ‘हं’ आणि ‘नही’ एवढंच, आणि सुलभा प्रश्नच असे विचारायची की त्यांना तेवढ्यात उत्तर देता यावं. सासू जवळ आली की बाईने म्हणायचं, "मावशी, उडीद महाग व्हयनात ना?" आणि सुलभाने त्याच दमात उडदावर बोलायला लागायचं. मी एकदा तिच्या दारात उभी राहून ऐकलं तर ती पोटतिडकीने उडदाच्या भावावर बोलत होती, आणि पलीकडे ढसाढसा रडणारी बाई ते ऐकता ऐकता रडायची थांबली होती.

पण तिची खरी हातोटी होती ‘नको’ शिकवण्यात. आमच्या बायकांना नको म्हणता येत नाही. नको म्हणायचं तर डोकं दुखतंय, पाळी आलीय, पोराची परीक्षा आहे, असं काहीतरी पुढे लावावंच लागतं. ती त्यांना नुसतं ‘नको’ म्हणायला लावायची, शेपूट न लावता. आधी भाजीवाल्याला, मग नणंदेला, सगळ्यांत शेवटी नवऱ्याला. भांडणासाठी तिने एक वाक्यच घडवलं होतं. जेव्हा तुम्ही असं करता, तेव्हा मला असं होतं, आणि मला हे हवंय. शिवी नाही, रडणं नाही, मागची उणीदुणी नाही. आणि याची दुसरी बाजू ती तेवढीच कडक शिकवायची. समोरच्याने नको म्हटलं की ते गिळायचं. आडून निरोप नाही, नातेवाइकांची मध्यस्थी नाही, आणि आजारपणाचा धाक तर मुळीच नाही. "दुसऱ्याचं नको ज्याला पचत नाही, त्याचं नको कोणी का ऐकावं?" हे तिचं ठरलेलं बोलणं. हे सगळं मी लांबण लावून सांगते आहे ते तिचं कौतुक म्हणून नव्हे. पुढे जे झालं ते याच्यावाचून कळणार नाही.

तिचा मुलगा तेजस. एकुलता एक, पुण्याला नोकरीत. लहानपणी आईच्या टेबलाखाली बसून हे सगळं ऐकत वाढलेला. त्याचं तिथे प्रज्ञा नावाच्या मुलीशी जुळलं. मुलगी वरणगावची, वडील तिथल्या कारखान्यात नोकरीला, घर बौद्ध. शिकलेली, कमावती, बोलायला गोड. तेजसने घरी सांगितलं आणि सुलभाने तोंड फिरवलं. कारण काय विचाराल तर जात, दुसरं काय? दिलीपभाऊजींचं समजू शकते, ते समाजाच्या मंडळात मिरवणारे. पण सुलभा... आदल्याच आठवड्यात तिने अशाच एका घरातल्या सासूला फोनवर तासभर समजावलं होतं की मुलाचा निर्णय हा मुलाचा असतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी हे तिला तोंडावर म्हटलं. तिने "आपण नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला.

आमच्याकडे परगावच्या मुलाला घरी आणायचं तर ‘आई सिरियस’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय आहे. माझ्या यजमानांनाही अशीच तार करून बोलावलं होतं आणि स्टेशनवरून थेट माझ्या माहेरी आणून माझ्यासमोर बसवलं होतं. ‘सिरियस’ सासूबाई तेव्हा आपल्या अंगणात बोहारणीशी घासाघीस करत होत्या. हा किस्सा आमच्यात दर लग्नात सांगतात आणि लोक हसतात. तेव्हा दिलीपभाऊजींना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी शिरपूरच्या एका जिनिंगवाल्यांची मुलगी परस्पर पसंत केली, साखरपुड्याचा दिवस धरला, आणि तेजसला फोन केला की आम्ही इथे शिरपूरला लग्नाला आलो होतो, आईच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात आहे, निघ. तेजस लहानपणापासून ‘आई सिरियस’चे किस्से ऐकलेला. तो म्हणाला, आईला फोन द्या. आणि सुलभाने फोन घेतला. ती बोलली नाही, नुसता श्वास घेतला... वरवरचा, तुटक, मध्ये अडकणारा. घाबरलेल्या माणसाचा श्वास कसा असतो हे तिच्याइतकं जळगाव जिल्ह्यात कोणाला ठाऊक होतं? वर्षानुवर्षं ती तो श्वास ऐकून लोकांना त्यातून बाहेर काढत आली होती. त्या दिवशी तिने तो पोटच्या पोराला ऐकवला. मला हे तिनेच सांगितलं, पुष्कळ पुढे, आणि सांगताना डोळे खाली घातले नाहीत. मी अशी नीच गोष्ट दुसऱ्या कोणाकडून ऐकली नाही, आणि हे मी तिला त्याच शब्दांत म्हटलं.

शिरपूरच्या त्या हॉलमध्ये मी होते. आम्हांला सांगितलं होतं की मुलगा कबूल आहे. तेजस आला तो प्रवासाने चुरगळलेल्या कपड्यांत, डोळे लाल, हातात औषधांच्या दुकानातून आणलेलं काहीबाही. दिलीपभाऊजी त्याला बसस्टँडवरून गाडीत घालून थेट हॉलवर घेऊन आले होते. समोर खुर्च्या मांडलेल्या, ताटात साखरेचा पुडा, आणि सुलभा नव्या पैठणीत, केसांत गजरा. त्याने तिला आपादमस्तक पाहिलं. मला वाटलं हा आता ताट उडवणार. पण तो तिच्यासमोर गेला आणि अगदी सावकाश, आवाज न चढवता म्हणाला, "आई, जेव्हा तू खोटं बोलून मला बोलावतेस, तेव्हा मला भीती वाटते आणि चीड येते. मला इथून पुढे तुमचा फोन नकोय. भेट नको, निरोप नको. मी करीन तेव्हाच." पाहुण्यांतल्या काहींना वाटलं मुलगा उखाणाच घेतोय, ते माना पुढे करून ऐकत होते. तेजस औषधं खुर्चीवर ठेवून निघून गेला. सुलभा त्याच्यामागे गेली नाही. तिने मुलीकडच्यांची माफी मागितली, गजरा काढून ठेवला, आणि परतीच्या वाटेवर गाडीत मला एवढंच म्हणाली, "वाक्य चुकलं नाही त्याचं कुठे."

त्यानंतर तिने त्याला फोन केला नाही. दिलीपभाऊजींनाही करू दिला नाही. मी म्हटलं, अगं, माफी तरी माग. म्हणाली, "माफीचा फोन हाही फोनच, अक्का." मी म्हटलं, मी पुण्याला जाऊन येते. म्हणाली, "तुम्ही गेलात तर तो माझाच निरोप झाला." मी भडकले, तुझं शास्त्र गेलं खड्ड्यात म्हटलं. हे तत्त्व होतं की ताठा, मला अजून कळलेलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी तेव्हा यजमानांना म्हणत असे. काम मात्र तिने एक दिवसही थांबवलं नाही. ती मागच्या खोलीत बसून परक्यांच्या मुलांना त्यांच्या आयांशी बोलतं करत होती, आणि बाहेर बैठकीत दिलीपभाऊजी टीव्हीचा आवाज वाढवून बसलेले असत. तेजसने प्रज्ञाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, ते आम्हांला तिसऱ्याकडून कळलं. सुलभाने ऐकलं आणि विचारलं, "फोटो आहे का कोणाकडे?" मग स्वतःच म्हणाली, "नको, राहू द्या."

दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणाले, मग तपासण्या झाल्या, आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. जळगावच्या डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. थोडे दिवस दवाखान्यात काढून ती हट्टाने घरी आली आणि मागच्या खोलीतच पलंग टाकायला लावला. मी धुळ्याहून सेवेला गेले. आमच्यात प्रेम नव्हतं म्हणून काय झालं, जावा होतो. ती पडल्यापडल्या कोणाकोणाशी थोडं थोडं बोलायची, दुखायला लागलं की फोन बाजूला ठेवायची. एकदा मी तिला तिचाच धडा म्हणून दाखवला, सोड श्वास हळूहळू, पाय टेकव. ती कण्हत म्हणाली, "थोतांड आहे हो हे दुखताना." मला क्षणभर आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण दुसरं काही नाहीये ना... म्हणून करते." आणि करत राहिली. तिच्या ओठांना पापुद्रे आले होते, आणि त्या ओठांतून ती श्वास सोडत होती. माझ्या आनंदाची मला किळस आली.

आता एकच प्रश्न होता, तेजसला कळवायचं की नाही. घरात दुसरं काही बोलणंच उरलं नव्हतं. दिलीपभाऊजी रडत म्हणायचे, फोन करतो. ती म्हणायची, "काय सांगाल? आई सिरियस आहे?" त्यावर ते फोन खिशात ठेवायचे. "आजारपण पुढे करून माणूस ओढून आणायचं नाही, हे मी जगाला शिकवलं. एकदा मोडलं, त्याचं काय झालं ते पाहिलंत. आता मरतानाही मोडू?" मी म्हटलं, बाई, तेव्हा खोटं होतं, आता खरं आहे. म्हणाली, "त्याच्यासाठी दोन्ही सारखंच. तो माझ्याकडे येईल तो श्वास ऐकून येणार, माझ्यासाठी नाही." पण तिचे डोळे... फोन वाजला की तिचे डोळे आधी फोनकडे जायचे आणि मग ती नंबर वाचायची. तिला तो हवा होता. दुसरं काहीही नको होतं, औषध नको, देव नको, मी तर नकोच. फक्त तो.

ती गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिला न विचारता तेजसला फोन लावला. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन. मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, "मोठी आई, परत तेच?" म्हटलं, या वेळी खरं आहे रे. "मागच्या वेळी मीही खरंच समजलो होतो. व्हिडिओ लाव." मी व्हिडिओ लावला आणि फोन पलंगाकडे फिरवला. सुलभाने पाहिलं काय चाललंय ते. जिचा चेहरा खेडोपाडीच्या बायकांना पडद्यावर पाठ झालेला, त्या बाईने चादर डोक्यावरून ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. आतून म्हणाली, "बंद करा. नको म्हटलंय त्याने." तेजसने पडद्यावर ते पाहिलं. मग म्हणाला, "नाटक पुरे झालं. तिला सांग, या वेळी श्वास नीट जमला नाही म्हणावं." आणि फोन बंद झाला. आवाज मोठा होता, तिने सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तेजस आला तेव्हा तिला खाली आणून ठेवलेलं होतं. प्रज्ञा सोबत होती. त्याने अग्नी दिला, राख सावडली, आणि मग पुढचे दिवस तो इमारतीखाली सतरंजीवर, आमच्याकडे ज्याला दारावर बसणं म्हणतात तसा, बापाशेजारी मान खाली घालून बसून राहिला. लोक येत, बसत, उठत. समाजातले लोक हळू आवाजात बोलायचे, पण ऐकू जाईल इतपतच हळू. आईला शेवटचं पाणी पाजायला नव्हता. दुनियेची घरं सांधणारीचं स्वतःचं घर बघा. प्रज्ञा येणाऱ्यांना पाणी देत होती. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी ग्लास हातात घेतला, शेजारणीला विचारलं ही कोण, आणि उत्तर ऐकून ग्लास जसाच्या तसा खाली ठेवला. मी म्हटलं, "तहान नसेल तर उठा, मागच्यांना जागा करा." त्या उठल्या. प्रज्ञाने तो ग्लास उचलला, रिकामा केला, विसळला आणि पुन्हा भरला.

आणि अनोळखी बायका येत होत्या. एसटीने, रिक्षाने, कोणी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून. आमच्याकडे दारावर आलेली बाई गळ्यात पडून हंबरडा फोडते, नातं सांगत रडते. यांना नातं सांगता येत नव्हतं, कारण नवरा बाजूलाच उभा. कोण म्हणून विचारलं की म्हणायच्या, वळखना शेतस, ओळखीच्या आहोत, एवढंच. गप्प बसायच्या, पाय जमिनीला नीट टेकवून, आणि सावकाश श्वास सोडायच्या. मला ते लगेच ओळखू यायचं. त्यांतली एक, हिरव्या लुगड्यातली, उठताना तेजसपाशी थांबली आणि त्याला म्हणाली, "मी आज जित्ती शे ती तुमनी मायमुये. तुमनं नशीब मोठं, भाऊ. तुमले ती रोज मियनी." आपण तिच्यामुळे जिवंत आहोत, आणि याला तर ती रोज मिळाली, असं ती सांगत होती. तेजसने हात जोडले.

गंधमुक्तीचा, म्हणजे सुतक फिटायचा, दिवस झाला, पाहुणे पांगले, दिलीपभाऊजी झोपले. इतके दिवस तेजस आईच्या खोलीत गेला नव्हता, कपडेही दुसऱ्या खोलीत बदलायचा. त्या दुपारी मी तिचे औषधांचे खोके आवरायला गेले, तर तो येऊन उंबऱ्यावर थांबला. आत आला नाही. मग म्हणाला, "मोठी आई, मी ओळखलं होतं." म्हटलं, काय? "व्हिडिओत. तिने तोंड झाकलं, पण हात बाहेर होता. सुई लावलेला, काळानिळा पडलेला... तो हात कोणाला खोटा करता येतो का? मला कळलं होतं, या वेळी खरं आहे. मी संध्याकाळच्या बसचं तिकीट पण काढलं. आणि रद्द केलं. म्हटलं, उद्या जाऊ. एक दिवस तिलाही कळू दे." तो हे सगळं तोंडपाठ केल्यासारखं बोलला. बहुतेक रोज मनात म्हणत असावा. मग त्याने विचारलं, "तिला तरी असंच वाटलं असेल ना, की मला कळलंच नाही?"

हो म्हणायला काय लागलं असतं? एक शब्द. पण खोट्याने त्या घराचं काय केलं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मला ते जमलंही नसतं. मी म्हटलं, "नाही. तुझा फोन बंद झाल्यावर तिने चादर काढली आणि म्हणाली, ओळखलं त्याने. आवाज घट्ट केला होता, लहानपणी रडू दाबताना करायचा तसा. म्हणाली, येईल तो. आज नाही येणार, आज मला शिक्षा करणार. करू दे." तेजसने चौकटीला हात टेकला. माझ्याकडे तो बघत नव्हता. त्या खोलीत पलंग आडवा, वेडावाकडा पडलेला आहे, त्याच्यामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडतं, जाता-येता गुडघा आपटतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, हा सरळ का करत नाही? तो त्या पलंगाकडे बघत होता.

"हा असा का ठेवलाय?" त्याने विचारलं.

"तिने फिरवायला लावला. तुझ्या बाबांनी आणि मी फिरवला, त्याच दुपारी. भिंतीकडे वळली ती वळली, परत कूस बदलता येईना," मी म्हटलं. "उद्या येईल म्हणाली, तर दार दिसायला हवं."

तो अजून उंबऱ्यातच उभा होता. उशीवर डोकं ठेवलं की नजर जिथे जाते, नेमका तिथे.